आधी जपणूक, मग मेहनत : मेंदूच्या इजेनंतर रक्तवाहिन्यांना काय हवे असते

लकवा मारलेल्या किंवा अपघातात डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या घरी दोन सल्ले हमखास येतात. एक जण सांगतो, याला अजिबात हलवू नका, पूर्ण आराम द्या. दुसरा सांगतो, पडून राहू देऊ नका, उठवा, चालवा, नाहीतर अंग आखडेल. घरचे लोक गोंधळतात आणि बहुधा वयाने मोठा असेल त्याचे ऐकतात. दोन्ही सल्ल्यांत तथ्य आहे, पण प्रत्येकाची वेळ वेगळी आहे. पहिल्या दिवशी जे अपाय करते, तेच तिसऱ्या आठवड्यात रुग्णाला उभे करते. असे का होते, याचे बरेचसे उत्तर शास्त्रज्ञांना मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात सापडले आहे. ते समजले की कोणत्या टप्प्यावर काय करायचे आणि काय टाळायचे, हे घरच्यांना आपोआप उलगडत जाते.

पवनार हे धाम नदीच्या काठावरचे, नागपूर-वर्धा मार्गावरचे गाव. रस्त्यावर दुचाकी आहेत, जड वाहने आहेत, संध्याकाळी शेतातून परतणारी माणसे आहेत. डोक्याला मार लागण्याचा धोका इथे रोजचा आहे. लकव्याचा धोकाही शहरापुरता राहिलेला नाही. गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ संस्थेतील मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ गावांतील मृत्यूंची कारणे तपासली. तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या गावांत मृत्यूचे सर्वांत मोठे कारण निघाले ते पक्षाघात : दर सात मृत्यूंमागे एक. यातले बहुतेक रुग्ण घरीच दगावले होते. विदर्भातल्या खेड्यांनी हा आकडा मनावर घेतला पाहिजे.

अस्तराच्या पेशी काय करतात

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा घेतो. त्यासाठी त्यात केशवाहिन्यांचे दाट जाळे असते. त्या सगळ्या एकापुढे एक ठेवल्या तर लांबी सुमारे ६०० किलोमीटर भरेल, असा अंदाज आहे. जवळजवळ प्रत्येक चेतापेशीपासून मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढ्या अंतरावर एखादी केशवाहिनी असतेच.

या केशवाहिन्यांच्या आत चपट्या पेशींचा एकेरी थर असतो. शरीरात इतरत्र या पेशींमध्ये बारीक फटी असतात; मेंदूत मात्र त्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. त्यामुळे रक्तातले नको ते पदार्थ मेंदूत शिरत नाहीत. पॉल एर्लिक या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये प्राण्यांच्या रक्तात रंग सोडून पाहिला, तेव्हा बाकी अवयव रंगले आणि मेंदू कोराच राहिला. पुढे या बंदोबस्ताला रक्त-मेंदू अडथळा असे नाव मिळाले.

पण या पेशी नुसत्या पहारा देत नाहीत. त्या सतत रासायनिक संदेश सोडतात आणि घेतात. शेजारच्या पेरिसाइट पेशींना वाहिनी रुंद ठेव की आवळ हे कळते ते या संदेशांतून. चेतापेशींना जगण्यासाठी लागणारी काही प्रथिनेही या अस्तरातून येतात. चेतातंतूंवरचे संरक्षक आवरण बनवणाऱ्या पेशींची जोपासना अस्तराच्या पेशी करतात, हे बोस्टनच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले.

या संदेशांपैकी सर्वांत अभ्यासला गेलेला रेणू म्हणजे ‘व्हीईजीएफ’. त्याची हकीकत मोठी बोलकी आहे. १९८३ मध्ये बोस्टनमध्ये डोनाल्ड सेंगर आणि हॅरॉल्ड ड्वोराक यांना तो सापडला, तेव्हा रक्तवाहिन्यांना गळती लावणारा पदार्थ म्हणून त्याची नोंद झाली. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात नेपोलिओने फेरारा यांनी नव्या रक्तवाहिन्या वाढवणारा पदार्थ शोधून काढला. नंतर लक्षात आले की दोन्ही रेणू एकच. गळती लावणारा आणि बांधकाम करणारा संदेश एकच आहे.

मग मेंदूला इजा झाली की तो तारतो की मारतो? २००० साली अमेरिकेतील डेट्रॉइटच्या संशोधकांनी पक्षाघात घडवलेल्या उंदरांना हा रेणू टोचून पाहिला. इजेनंतर तासाभरात दिला तेव्हा वाहिन्या गळू लागल्या आणि मेंदूत रक्तस्राव वाढला. तोच ४८ तासांनंतर दिला तेव्हा नव्या वाहिन्या फुटल्या आणि उंदरांच्या हालचाली लवकर सुधारल्या.

माणसातही नव्या वाहिन्या फुटतात याचा पुरावा १९९४ मध्ये मिळाला होता. पक्षाघातानंतर दगावलेल्या रुग्णांच्या मेंदूची तपासणी झाली तेव्हा इजेच्या कडेला नव्या केशवाहिन्या दिसल्या, आणि ज्यांच्यात त्या जास्त होत्या ते रुग्ण पक्षाघातानंतर जास्त काळ जगले होते. लॉस एंजेलिसमध्ये २००६ मध्ये झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट उघड झाली. नव्याने जन्मलेल्या चेतापेशी नव्या वाहिन्यांच्या आसपास गोळा होत होत्या आणि त्यांना तिथे बोलावणारे संदेश वाहिन्यांकडूनच येत होते.

मुख्य पाट बुजला की शेतकरी बाजूच्या चारीतून पिकाला पाणी वळवतो. मेंदूच्या पृष्ठभागावरही अशा बाजूच्या वाहिन्या असतात आणि इजेनंतर त्या रुंदावतात. किती रुंदावायचे, यावरही अस्तराचे नियंत्रण असते. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की ‘ईफए४’ हे अस्तरावरचे प्रथिन या वाढीला लगाम घालते. उंदरांमध्ये हा लगाम काढला तेव्हा बाजूच्या वाहिन्या अधिक वाढल्या आणि प्रकृती लवकर सुधारली.

या सगळ्यातून घरच्यांनी एवढे लक्षात ठेवावे : सुरुवातीला अस्तर गळके आणि नाजूक असते, तेव्हा त्याला सांभाळायचे. नंतर तेच अस्तर बांधकामाला लागते, तेव्हा त्याला काम द्यायचे.

पहिले काही तास : अंदाज बांधत बसू नका

चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोबडे बोलणे किंवा बोललेले न समजणे, अचानक तोल जाणे, अचानक दिसेनासे होणे : यातले एक लक्षण दिसले तरी पक्षाघात समजावा आणि १०८ क्रमांकाला फोन करावा. रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते. मोठ्या वाहिनीतली गाठ तारेने ओढून काढण्याचा उपचार निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येतो, पण त्यातही जितका उशीर तितके नुकसान. एका अमेरिकन अभ्यासाने २००६ मध्ये केलेल्या हिशेबानुसार मोठी वाहिनी बुजली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात.

गाठ निघाली तरी उशीर झालेला असेल तर रक्त पुन्हा नीट खेळत नाही. प्राणवायू तुटला की केशवाहिन्यांभोवतीच्या पेरिसाइट पेशी आवळतात आणि तशाच आवळलेल्या अवस्थेत मरतात. मोठा मार्ग मोकळा, पण शेवटच्या बारीक वाटा बंद, अशी ही अवस्था. म्हणून ‘सकाळपर्यंत वाट पाहू’ हा विचार सोडून द्यावा.

दवाखान्यात नेईपर्यंत या गोष्टी कराव्यात :

• रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ लिहून ठेवा. झोपेतून उठताना लक्षणे दिसली असतील तर झोपायला गेला ती वेळ.

• पाणी, चहा, औषध, काहीही तोंडाने देऊ नका. गिळण्याचे स्नायू ढिले पडलेले असतात; घास किंवा घोट फुप्फुसात जातो.

• अ‍ॅस्पिरिनची गोळी घरी देऊ नका. गाठ आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही, आणि रक्तस्राव असेल तर ती गोळी घात करते.

• रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून जादा गोळी देऊन तो खाली आणू नका. बुजलेल्या वाहिनीच्या पलीकडचा भाग त्या दाबावरच कसाबसा तगलेला असतो.

• रुग्ण घेत असलेली सगळी औषधे आणि जुने कागद सोबत घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा.

अपघात झाला असेल तर मानेला झटका बसू न देता, डोके-मान-पाठ एका रेषेत ठेवून उचलावे. रुग्ण शुद्धीवर आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. डोक्यात रक्त साचत असताना माणूस काही तास व्यवस्थित बोलत राहू शकतो. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, फिट, दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव येणे ही धोक्याची चिन्हे आहेत. दारू प्यायलेल्या माणसाच्या बाबतीत ‘नशेत आहे, झोपू द्या’ म्हणणे जिवावर बेतते. म्हाताऱ्या माणसांत किरकोळ पडण्यानंतरही मेंदूवर हळूहळू रक्त साचते आणि विसरभोळेपणा, चाल अडखळणे अशी लक्षणे काही आठवड्यांनी उमटतात.

अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यामागे पोलिसांचे झंझट लागेल ही भीती अजून गावोगाव आहे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने मदतकर्त्याला संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याचीही सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

पवनारकरांना एक मोठी सोय आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे कस्तुरबा रुग्णालय सेवाग्रामला आहे आणि सावंगी (मेघे) येथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये गावापासून फार लांब नाहीत. रात्रीच्या वेळी सीटी स्कॅन होतो का, गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन मिळते का, मेंदूची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर असतात का, ही चौकशी घरात कोणी आजारी नसतानाच करून ठेवावी आणि उत्तर भिंतीवर लिहून ठेवावे.

पहिले दिवस : घाई नको

इजेनंतर अस्तराच्या पेशींची पकड सैल होते, रक्तातले पाणी मेंदूत झिरपते आणि सूज येते. पक्षाघातात ही सूज साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत वाढते. त्यामुळे काल बोलणारा रुग्ण आज गुंगीत गेला, असे दिसू शकते. नातेवाईक मग दवाखाना बदलायला धावतात. पळापळ करण्याआधी डॉक्टरांना सूज किती आहे, दुसरा स्कॅन केव्हा होणार, हे विचारावे.

सुजेवर स्टेरॉइड देण्याची जुनी पद्धत डोक्याच्या इजेत अपायकारक ठरली आहे. ‘क्रॅश’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत १०,००८ रुग्ण होते. २००४ मध्ये निष्कर्ष आला : स्टेरॉइड मिळालेल्यांत दोन आठवड्यांतले मृत्यू जास्त होते.

व्यायामाचेही तसेच आहे. पाच देशांतल्या ५६ रुग्णालयांत २,१०४ रुग्णांवर झालेल्या ‘अव्हर्ट’ चाचणीत पक्षाघातानंतर पहिल्या २४ तासांतच रुग्णांना वारंवार आणि भरपूर वेळ उठवून पाहिले. लवकर हालचाल म्हणजे लवकर सुधारणा, अशी अपेक्षा होती. २०१५ मध्ये निकाल उलट आला. अतिघाईने उठवलेल्यांत स्वावलंबी झालेल्यांचे प्रमाण कमी निघाले. म्हणून पहिल्या दिवसांत उठवणे, बसवणे हे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट सांगतील तेवढेच, थोडे थोडे.

या काळात घरच्यांचे खरे काम म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलणे, लुळा हात उशीवर नीट ठेवणे, तो हात धरून रुग्णाला कधीही न ओढणे (खांदा निखळतो), गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय घास न भरवणे आणि भेटायला येणाऱ्यांची गर्दी आवरणे.

डोक्याला हलका मार लागून घरी पाठवलेल्या रुग्णाला एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती पुरते. मग डोकेदुखी किंवा चक्कर वाढणार नाही इतपत चालणे, वाचणे हळूहळू सुरू करावे. आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवल्याने सुधारणा लांबते.

दुसऱ्या आठवड्यापासून : आता मेहनत

गळती थांबली की बांधकाम सुरू होते, आणि इथेच बहुतेक कुटुंबे मागे पडतात. रुग्णालयातून सुट्टी मिळाली म्हणजे उपचार संपले, असा समज होतो. खाट ओसरीत टाकली जाते आणि रुग्ण दिवसभर छताकडे पाहत पडतो.

व्यायामाने रक्ताचा वेग वाढतो. वाहत्या रक्ताचे हे घर्षण अस्तराच्या पेशींना जाणवते आणि त्या नायट्रिक ऑक्साइड सोडतात. वाहिन्या सैलावतात, रक्त खेळते, आणि नव्या वाहिन्या व चेतापेशींच्या जोडण्या यांना पोषक संदेश वाढतात. अमेरिकेत ७२ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हाताचा २० तासांचा जादा सराव वेगवेगळ्या काळात देऊन पाहिला. सर्वाधिक फायदा झाला तो पक्षाघातानंतर दोन ते तीन महिन्यांच्या टप्प्यात सराव मिळालेल्यांना. पुढेही सुधारणा होते, पण हा काळ हातचा घालवू नये.

मेहनत कशी वाढवावी, याचे एक उदाहरण पवनारलाच घडले आहे. १९३८ मध्ये विनोबा भावे प्रकृती ढासळल्यामुळे पवनारला राहायला आले. त्यांचे वजन ८८ पौंडांवर उतरले होते. त्यांनी कुदळ हाती घेतली, पण पहिल्या दिवशी खणले ते फक्त पाच मिनिटे. मग रोज थोडे थोडे वाढवत नेले. वजन पुढे १२८ पौंडांपर्यंत गेले. त्यांचा आजार मेंदूचा नव्हता. तरी आजचे पुनर्वसनतज्ज्ञ हाच क्रम सांगतात : थोड्यापासून सुरुवात, रोज न चुकता, आणि वाढ मोजूनमापून.

सराव रोजच्या कामाचाच असावा. वाटी उचलणे, बटण लावणे, खाटेवरून उठून उभे राहणे, दारापर्यंत चालणे, तूर किंवा शेंगदाणे निवडणे. आणि हे सगळे दिवसातून अनेकदा. शक्य तिथे लुळ्या हातालाच काम द्यावे. बोलणे गेले असेल तर रुग्णाच्या वतीने सगळी वाक्ये आपणच पूर्ण करू नयेत. त्याला वेळ द्यावा, आणि वाचा-उपचारतज्ज्ञांकडे न्यावे.

तज्ज्ञाची देखरेख मात्र सोडू नये. भारतातल्या १४ केंद्रांवर १,२५० रुग्णांच्या ‘अटेंड’ चाचणीत नातेवाइकांना थोडे प्रशिक्षण देऊन घरीच व्यायाम करवून घेतला गेला. २०१७ मध्ये निष्कर्ष आला की तेवढ्याने रुग्णांचे परावलंबित्व कमी झाले नाही. घरच्यांची मदत हवीच, पण फिजिओथेरपिस्टकडे ठरावीक दिवसांनी दाखवून व्यायाम बदलून घेणेही हवे.

रुग्ण रडवा, चिडका किंवा गप्प झाला तर त्याला हट्टी ठरवू नका. पक्षाघातानंतर नैराश्य फार जणांना येते, त्यावर उपचार आहेत, आणि मन खचले की सराव थांबतो.

अस्तर निरोगी ठेवणाऱ्या सवयी

नव्या वाहिन्या जुन्याच सवयींच्या रक्तात वाढत असतात. उच्च रक्तदाब, वाढलेली साखर आणि तंबाखू ही तिन्ही अस्तराच्या पेशींचा नायट्रिक ऑक्साइड हिरावून घेतात. विडी-सिगारेट सोडली आणि खर्रा चालू ठेवला, असे विदर्भात सर्रास दिसते. खर्ऱ्यातला तंबाखूही रक्तवाहिन्या आवळतो. तो पूर्ण बंद करावा.

रक्तदाबाची गोळी ‘आता बरे वाटते’ म्हणून थांबवू नये. ६,१०५ रुग्णांच्या ‘प्रोग्रेस’ चाचणीत, २००१ मध्ये, रक्तदाब कमी करणाऱ्या औषधांनी दुसऱ्यांदा पक्षाघात होण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी घटले. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे माणशी एक लहान चमचा. लोणचे, पापड, ठेचा यांतले मीठही त्यात धरावे. झोप पुरेशी असावी. झोपेत घोरताना श्वास थांबत असेल तर डॉक्टरांना सांगावे.

पैसा कुठे घालू नये

व्हीईजीएफ किंवा ईफए४ यांच्यावर काम करणारे, मेंदूची इजा भरून काढणारे औषध दुकानात मिळत नाही. ही संशोधने मोलाची आहेत, पण अजून प्रयोगशाळेतली आहेत. ‘मेंदूच्या नसा उघडणारे’ म्हणून कोणी काही विकत असेल तर ते घेऊ नका. सिटिकोलिन हे महागडे औषध सर्रास लिहिले जाते. २०१२ मध्ये त्याच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, एक डोक्याच्या इजेवर आणि एक पक्षाघातावर. दोन्हींत त्याचा फायदा दिसला नाही. स्टेम सेलच्या नावाने लाखो रुपये मागितले जातात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही ठरावीक विकारांपलीकडे हा उपचार नेहमीचा उपचार म्हणून मान्य नाही. त्यासाठी शेत विकू नका, कर्ज काढू नका. तोच पैसा फिजिओथेरपीला, नियमित गोळ्यांना आणि चांगल्या आहाराला लावा. रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र असतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन पहिल्याच दिवशी त्यांना भेटा.

आणि इजा होण्याआधीच करायचे एक काम आहे. हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो, असे जगभरातल्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात आढळले आहे. पवनारहून वर्धेला जायचे अंतर थोडे आहे म्हणून हेल्मेट घरी खुंटीला ठेवू नका. मागे बसणाऱ्यालाही द्या, आणि हनुवटीखालचा पट्टा बांधा.